नद्यांचे चार वर्ग आणि वाडीचे पाणी

चार वर्ग म्हटले की आपल्या वाचकांच्या कपाळाला आठी पडते. महाराष्ट्रातील नद्यांचेही असे चार वर्ग शासनाने पाडले आहेत : अ-१ ते अ-४. फरक इतकाच, की ते जन्मावर नव्हे तर वापरावर ठरतात. अ-१ चे पाणी केवळ निर्जंतुक करून पिण्याजोगे, अ-२ चे शुद्धीकरण केंद्रातून काढल्यावर, अ-३ चे मासे व वन्यजीवांसाठी, अ-४ चे शेती व कारखान्यांसाठी.

या वर्गांना दात दिले ते २००० व २००९ च्या नदी नियमन क्षेत्र धोरणाने. अ-१ नदीच्या दोन्ही तीरांपासून तीन किलोमीटर कारखाना नाही, अ-२ ला एक किलोमीटर, त्याखाली अर्धा. फेब्रुवारी २०१५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हे धोरणच रद्द केले. अंतराचा दंडक गेला, उरली १९७४ च्या जल कायद्याखालची प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. आता नदी बिघडल्यावर मोजायची! केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, पैकी ५३ आपल्या राज्यातले. कर्जतहून वाहणारी उल्हास आणि खालापूरची पाताळगंगा दोघीही त्यात आहेत.

पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहते, कारण १९१५ पासून खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रातून घाटावरचे पाणी तिच्यात सुटते. हे पाणी कारखान्यांना मिळते, शहरांच्या नळांनाही मिळते. शहराचे पाणी केंद्रातून गाळून जाते. पण नदीकाठच्या कातकरी वाडीतील बाई वाळूत खड्डा करून पाझरलेले पाणी हंड्यात भरते, तिच्यापुरती प्रत्येक नदी अ-१ च असते. हे कोणत्याच वर्गवारीने विचारात घेतलेले नाही. कागदावर पाणी ‘सार्वजनिक’ असणे आणि ते आपल्याला मिळणे यांतले अंतर याच जिल्ह्याने, महाडला, १९२७ पासून १९३७ च्या उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत भोगले आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी मोर्च्याआधी एक काम करावे. जल कायद्याच्या कलम २५(६) नुसार मंडळाला संमतीच्या अटींची नोंदवही ठेवावी लागते आणि सांडपाण्याची झळ बसणाऱ्या कोणालाही आपल्याशी संबंधित भाग पाहता येतो. कोणत्या कारखान्याला किती सांडपाणी, कुठे आणि कोणत्या अटीवर सोडायची मुभा आहे, ते तिथे लिहिलेले असते. वाडीतील दोघीतिघींना सोबत घेऊन ती नोंदवही मागावी. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी.