उद्याच्या स्वतःसाठी तीन ओळी

सुरतच्या आमलीरान भागात कवी नर्मद यांचं घर आहे. नर्मदांनी 1858 साली शिक्षकाची नोकरी सोडली आणि लेखणीच्या भरवशावर जगायचं ठरवलं. पुढे 1866 मध्ये, तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, त्यांनी ‘मारी हकीकत’ हे आत्मचरित्र लिहिलं. मला थक्क करतं ते त्यांनी सुरुवातीलाच सांगितलेलं कारण. लोकांनी आपल्याला ओळखावं म्हणून हे लिहीत नाही, ती ओळख झालेलीच आहे. पुढच्या आयुष्यात आपल्यालाच उत्तेजन मिळत राहावं म्हणून लिहितो, असा त्याचा आशय आहे. संपूर्ण पुस्तक लोकांसमोर आलं ते 1933 मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला.

याच शहरात, ‘मारी हकीकत’ लिहिली गेली त्याच्या दोन दशकं आधी, समाजसुधारक दुर्गाराम मेहताजी रोजनिशी लिहीत होते. 1844 साली त्यांनी ‘मानवधर्म सभा’ स्थापन केली, तेव्हा त्यांच्या सोबत होते मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग. रोजच्या लिहिण्याची सुरतेतली ही परंपरा अशी आपल्या मराठी माणसांनाही जवळची आहे.

उद्याच्या स्वतःसाठी आज लिहून ठेवायचं, हे नर्मदांना कुठल्या प्रयोगशाळेने सांगितलं नव्हतं. प्रयोग झाले ते फार नंतर. 2003 मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितल्या. दुसऱ्या गटाने कटकटी लिहिल्या. पहिल्या गटाला आपलं आयुष्य अधिक बरं वाटलं, आणि नवल म्हणजे त्यांनी व्यायामही जास्त केला! 2005 मध्ये मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन यांच्या गटाने आणखी सोपी रीत तपासली: आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली तेही. एवढ्याशा लिहिण्याचा परिणाम सहा महिन्यांनीही दिसत होता. आठवडा संपल्यावरही ज्यांनी आपणहून लिहिणं चालू ठेवलं, त्यांना जास्त फायदा झाला. पुढच्या अभ्यासांत एकूण परिणाम माफक निघाला, हेही खरं. पण वही आणि पेनाच्या खर्चात माफक फायदाही मोठाच म्हणायचा.

हे घडतं कसं? सुरतेतल्या उधना-लिंबायतच्या लूमवर काम करणाऱ्याला ते चटकन कळेल. ताण्यातले हजारो धागे सुरळीत चालत असतात, त्यांच्याकडे कोण बघतो? एक तुटला की नजर तिथेच जाते. मनही तसंच आहे. वाईट गोष्ट ते पटकन टिपतं, आणि चांगलीची त्याला लवकर सवय होऊन जाते. लिहायला बसलं की न तुटलेल्या धाग्यांकडे मुद्दाम पाहावं लागतं.

माझ्या मते यातला सगळ्यात मोलाचा शब्द ‘का’ हा आहे. ‘आज माल चांगला उतरला’ एवढंच लिहिलं, तर ते नशिबाच्या नावावर जातं. ‘का? कारण बीम बदलताना मी घाई केली नाही’ असं लिहिलं की त्यात आपला हात दिसतो. घरी बसून साडीला टिकल्या लावणाऱ्या बाईने ‘आज दोन साड्या जास्त झाल्या, कारण शेजारच्या उडिया वहिनींनी मुलीला शाळेतून आणलं आणि मी मान वर न करता काम केलं’ असं लिहिलं, तर एकाच ओळीत वहिनींचे आभार आहेत आणि स्वतःला शाबासकीही. स्वतःचं कौतुक करायला आपण फार लाजतो. वहीत तरी लाजू नये.

पगार कापला गेला, कुणी अपमान केला, तर त्या दिवशी ओढूनताणून कृतज्ञ व्हायचं कारण नाही. तेही स्पष्ट लिहावं. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांच्या 1986 च्या प्रयोगात सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं मनातलं दुःख लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत इतरांपेक्षा कमी होत्या.

सुरुवातीला एक आठवडा पुरे. मुलांच्या जुन्या वहीची कोरी पानं चालतील. रात्रपाळी असेल तर सकाळी घरी आल्यावर लिहावं. आणि भाषा घरात बोलतो तीच ठेवावी: खान्देशातून आलेल्यांनी खुशाल अहिराणीत लिहावं, मध्ये गुजराती शब्द आले तर येऊ द्यावेत. ही वही तपासायला कुणीच येणार नाही.