भाकड गाईची आंबोण

वासराचे पाय फाकलेले, गुडघे जाडजूड दिसले की मालक कॅल्शियमची बाटली मागतो. पोलादपूर तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक असताना मी आधी त्याची आई बघायचो. बहुतेक वेळा बरगड्या वर आलेली गाय, आणि तोंडात कुठून तरी मिळालेलं हाडूक नाहीतर चिंधी. हे चघळणं म्हणजे फॉस्फरस कमी पडल्याची खूण. दक्षिण आफ्रिकेत आर्नल्ड थायलर यांनी १९२०च्या दशकात गुरांच्या याच खोडीचा माग काढला आणि हाडांचा चुरा चारून गुरं सुधारून दाखवली.

पोलादपूर तालुक्यातल्याच कुडपण गावाच्या डोंगरावर पाऊस असा कोसळतो की जमिनीतला चुना धुऊन जातो. मग तिथल्या गवतात तो येणार कुठून? भाताच्या पेंढ्यात फॉस्फरस नावाला, आणि त्यातलं ऑक्झलेट उरलासुरला कॅल्शियमही अडवून धरतं.

त्यात वेळ वाईट. आपल्याकडे म्हशी बहुतकरून पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत वितात. म्हैस साधारण ३१० दिवस गाभण असते, गाय २८०. पोटातल्या पिल्लाची निम्म्याहून जास्त वाढ शेवटच्या तीन महिन्यांतली, आणि कूर्चेवर कॅल्शियम-फॉस्फरस बसून हाड घट्ट होतं तेही मुख्यतः तेव्हाच. म्हणजे आधी वैशाखातली वैरणटंचाई, मग आषाढातलं झाकोळलेलं आभाळ. ऊन नाही म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्व नाही. आणि नेमकं तेव्हाच जनावर आटलेलं.

“डाक्टर, दूध देत नाय तिला पेंड कुठनं घालू?” कुडपणच्या एका आजींनी मला विचारलं होतं. हिशेब त्यांच्या परीने बरोबर होता. पेंड विकत आणायची, दूध विकायचं. मधले महिने नुसता खर्च. पण पोटातलं पोर थांबत नाही. आईच्या रक्तात कमी पडलं की तिच्याच हाडांतून काढून घेतं. तिथेही खडखडाट असेल तर दोघंही पांगळी.

नुसता चुना मात्र पुरत नाही. हाडाचा सांगाडा आधी प्रथिनांचा विणला जातो. तो घट्ट बांधायला तांबं लागतं, कूर्चा नीट घडायला मँगनीज. मँगनीज फार कमी पडलं तर वासरू जन्मतःच वाकड्या सांध्यांचं येतं. पोलंडमधल्या लुब्लिनच्या संशोधकांनी तर ल्युसिन या अमिनो आम्लापासून शरीरात तयार होणारा एक पदार्थ गाभण डुकरिणींना दिला. २००७मध्ये त्यांनी छापलं की पिल्लं मोठी होऊन कत्तलीच्या वयाची झाली तरी त्यांची मांडीची हाडं जास्त भक्कम निघाली. आईला दिलं, फळ लेकराच्या हाडात, तेही महिन्यांनंतर! कुडपणला तो पदार्थ कोणी आणायला नको. पण पेंडीतलं प्रथिन परवडेल.

आजींना मी सांगितलं ते एवढंच: शेवटचे दोन-तीन महिने शेर-सव्वाशेर आंबोण, त्यात मूठभर पेंड, कोंडा आणि जनावराच्या अंगमानाने ३० ते ५० ग्रॅम खनिज मिश्रण. नाचणीचं काड असेल तर ते गाभणीसाठी राखा, भाताच्या पेंढ्यापेक्षा त्यात कॅल्शियम जास्त. उघडीप मिळाली की गुरं बाहेर सोडा. आणि विण्याच्या तोंडावर कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका. आयतं मिळालं की आईचं शरीर हाडांतून कॅल्शियम काढण्यात सुस्तावतं, आणि व्याल्यावर चिकासाठी एकदम मागणी आली की गाय दुग्धज्वराने आडवी होते.

“मग बाटली कुनाला?” आजींनी विचारलं. वासराला नको, असं मी म्हणालो तेव्हा त्यांना ते पटलं नाही.