हिपुशीतच्या इंजिनाचा पत्रा कशाने रंगवावा?

अश्दोदच्या खाऱ्या हवेत गाडी ठेवणाऱ्याला गंजाची ओळख करून द्यायला नको. माझी १९६९ सालची फोल्क्सवॅगन बीटल, जिला इथे सगळे हिपुशीत म्हणजे भुंगेरा म्हणतात, बरीच वर्षे इमारतीखाली धूळ खात उभी होती. नातू सैन्यातून सुटून आला आणि म्हणाला, "सबा, ही भंगारात द्यायची नाही. आपण दोघे मिळून चालू करू."

इंजिन उघडले, तर भोवतीच्या पत्र्याला सगळीकडे गंज. हा पत्रा शोभेचा नाही. या इंजिनात पाणी नसते. पंखा हवा ढकलतो आणि पत्रा ती हवा सिलिंडरांवरून वळवतो. पत्र्याला भोक पडले की हवा भलतीकडे जाते आणि इंजिन तापून निकामी होते. म्हणून रंग टिकला पाहिजे.

पहिली चूक माझीच. डब्यावर सर्वांत मोठा उष्णतेचा आकडा होता, तो रंग मी घेतला. तो धुराच्या नळ्यांसाठीचा होता. असा रंग चांगला तापवल्याशिवाय पक्का होत नाही आणि हा पत्रा तेवढा तापतच नाही, कारण त्याच्या आतून सतत हवा वाहते. आमचा रंग कच्चाच राहिला. पेट्रोलचे चार थेंब सांडले आणि तो बोटाला लागून आला. सगळे खरवडून पुन्हा सुरुवात करावी लागली.

तेव्हा आकडा पाहू नये, पत्र्याला काय सोसायचे आहे ते पाहावे: बेताची उष्णता, तेल, पेट्रोल, रस्त्यावरचे खडे आणि दमट हवा. त्याला दोन गोष्टी चालतात.

पहिली पावडर कोटिंग. कारखान्यात पत्र्यावर कोरडी भुकटी उडवून सुमारे २०० अंशांच्या भट्टीत ती वितळवतात. थर कडक होतो आणि पेट्रोलला दाद देत नाही. जाड थराने इंजिन तापते असे काही जण सांगतात. पण उष्णता बाहेर टाकायचे काम सिलिंडरांच्या पात्यांचे आणि हवेचे आहे, पत्र्याचे नाही. खरी अडचण वेगळी आहे. थर एकदा फुटला की त्याखालून गंज पसरतो आणि घरच्या घरी डागडुजी करता येत नाही. स्क्रूची भोकेही जाड थराने अरुंद होतात.

दुसरी, इंजिनासाठी मिळणारा इनॅमल रंग. तो थोडा कमी कडक, पण स्वस्त. आणि टवका उडाला तर तेवढ्याच जागी पुन्हा लावता येतो. आम्ही काळा इनॅमल घेतला. दोन भाग मिसळून फवारायचे रंगही मिळतात, पण त्यांतील पुष्कळांत फुफ्फुसांना अपायकारक आयसोसायनेट असते. आपल्या वयात तो धोका घरी घेऊ नये.

कोणताही रंग घ्या, निम्म्याहून जास्त काम त्याआधीचे आहे. आठवतो ना कोकणातला कल्हईवाला? भांडे आधी लख्ख घासल्याशिवाय तो कथील लावत नसे. आपण शनवार तेल्यांची लेकरे, तेल काढणे आपल्याला नवे नाही. फक्त इथे ते पत्र्यावरून काढायचे! रॉकेलने चिकटा सुटतो, पण त्याचाही पातळ थर मागे राहतो, म्हणून नंतर गरम पाणी आणि साबण हवाच. मग तारेच्या ब्रशने व पॉलिश कागदाने गंज काढावा. वाळूचा जोरदार मारा करून घेऊ नये, पातळ पत्रा वाकतो. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नये. त्याच दिवशी गंजरोधक अस्तर द्यावे. त्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात ओघळतो. हे सारे उघड्या हवेत, तोंडाला योग्य मास्क लावून.

आम्ही गुरुवारी शेवटचा हात दिला. शब्बाथला कोणी हात लावणार नव्हतेच, तरी रंग पुरता पक्का व्हावा म्हणून आम्ही आठवडाभर थांबलो.

जोडताना प्रत्येक तुकडा, प्रत्येक स्क्रू आणि कडेचे रबर जागच्या जागी आले पाहिजे. एक फट राहिली तरी खालची गरम हवा वर येते, आणि मग वरचा रंग कितीही उत्तम असला तरी इंजिन वाचत नाही.