ईमेलचे नियम कुठे थांबतात

‘पाठवला’ असे स्क्रीनवर दिसले की ईमेल पोहोचलाच, आणि इनबॉक्समध्ये सापडला नाही तर ईमेलचा नियमच मोडला, असा समज सर्रास आढळतो. तो स्वाभाविक आहे. पण ईमेलच्या मानकांची (सर्वांनी पाळायच्या लिखित तांत्रिक नियमांची) हद्द बरीच अलीकडे संपते. कासूच्या पत्त्यावर टाकलेले पत्र घ्या. पाकिटावर नाव, गाव, तालुका पेण, जिल्हा रायगड आणि पिनकोड कसा लिहावा, एका कार्यालयाने टपाल पुढच्याकडे कसे सोपवावे, हे टपालखाते ठरवते. घरात ते पत्र कोणत्या कोनाड्यात जावे, हे ठरवत नाही. १९८२ पासून चालत आलेले एसएमटीपी (सर्व्हरने सर्व्हरकडे ईमेल सोपवण्याची पद्धत) असेच सोपवणुकीपुरते बोलते. समोरच्या सर्व्हरने ‘२५०’ हा होकाराचा आकडा पाठवला की जबाबदारी त्याची: ईमेल पोहोचवा, नाहीतर न पोहोचल्याचे कळवा. तो इनबॉक्समध्ये पडला की स्पॅममध्ये, कुणी वाचला का, हे त्या हद्दीपलीकडचे.

मग हेही नियमात का घालू नये? कारण स्पॅमची चाळणी जाहीर नियमाने बांधली, तर फसवणारे तीच वाचून पळवाट काढतील. शिवाय आटोपशीर नियमाला जोड देणे सोपे जाते, आणि मला हाच मुद्दा मोठा वाटतो. मूळ नियमात पत्त्याला रोमन लिपीच चाले. २०१२ च्या जोडनियमाने देवनागरी पत्त्यालाही वाट मिळाली. मात्र वाटेतल्या एखाद्या सर्व्हरने ही जोड स्वीकारली नसेल, तर देवनागरी पत्त्यावरचा ईमेल तिथूनच परत फिरतो.