वाट किती लांब, किती रुंद

प्रार्थनेला बसण्याआधी बसायच्या जागेपासून एक-दोन पावलं अलीकडे उभं राहायचं. प्रभूची प्रार्थना एकदा म्हणायला लागतो तेवढाच वेळ. परमेश्वर आपल्याकडे पाहतो आहे, हे मनात आणायचं, नमन करायचं आणि मग बसायचं. पुण्यातल्या एका साधनागृहात मौनाचं रिट्रीट सुरू झालं, तेव्हा मार्गदर्शन करणाऱ्या सिस्टरनी पहिल्या भेटीत मला एवढंच सांगितलं. संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकातला हा नियम आहे. वाचताना तो मला किरकोळ वाटला होता. उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, की एरवी मी प्रार्थनेला सुरुवात करतच नाही. एका कामातून दुसऱ्या कामात शिरावं तशी तिच्यात घुसते.

हे पुस्तक सलग वाचायला घेतलं तर हाती फारसं काही लागत नाही. क्रमांक घातलेले 370 छोटे परिच्छेद, त्यांत सूचना, टिपा, वेळापत्रक. साधना करवून घेणाऱ्यासाठी लिहिलेली ती पुस्तिका आहे. तिचं मूळ एका आजारपणात सापडतं. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडल्यावर इग्नेशियस लोयोला इथल्या आपल्या घरी अंथरुणाला खिळले. वाचायला त्यांनी शिलेदारांच्या पराक्रमकथा मागितल्या. घरात मिळालं ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. पडल्यापडल्या ते दोन्ही प्रकारची स्वप्नं रंगवत. पराक्रमाची आणि एका थोर घराण्यातल्या स्त्रीची स्वप्नं रंगवताना सुख व्हायचं, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं अनवाणी जेरुसलेमला जावं, या विचारानं आलेला आनंद मात्र मागं उरायचा. मागं काय उरतं ते पाहायचं, या एका निरीक्षणावर पुढची सगळी पद्धत उभी आहे. पुढच्या वर्षी मानरेसा गावी काही महिने कठोर तप करताना ते टिपणं काढू लागले. 1548 मध्ये पोप तिसरे पॉल यांनी पुस्तकाला मान्यता दिली.

मला दिलेला उतारा लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, येशूच्या जन्माचा. तो सावकाश वाचायचा, बायबल मिटायचं आणि जागा डोळ्यांसमोर उभी करायची. इग्नेशियस इथे फार बारीक प्रश्न विचारतात. नाझरेथहून बेथलेहेमला जाणारी वाट किती लांब, किती रुंद? सपाट, की दऱ्या आणि चढ असलेली? जन्माची गुहा मोठी, लहान, उंच की बुटकी? पॅलेस्टाइन मी पाहिलेलं नाही. माझ्यासमोर आली ती खडी उखडलेली घाटातली वाट, कडेला करवंदाच्या जाळ्या. हे चुकतंय का, असं संध्याकाळी मी सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, “दिसतेय ना वाट? मग चाला की त्यांच्याबरोबर.”

बरोबर चालायची सोयही पुस्तकात आहे. प्रसंगात आपण एक गरीब सेवक व्हायचं, मरिया आणि योसेफ यांच्याकडे पाहायचं, त्यांना हवं-नको ते पुरवायचं. मला हा भाग सगळ्यांत प्रिय आहे. मनन म्हणजे ईश्वराविषयी उंच विचार, अशी माझी समजूत होती, आणि इथे मला काम दिलं होतं. मी पाणी आणलं. गुहेतली जमीन झाडली. झाडता झाडता घरच्या गॅस सिलिंडरचं बुकिंग आठवलं, मग एका नातेवाइकाशी झालेलं भांडण, मग पुन्हा जमीन.

तास पूर्ण बसायचं, हा नियम आहे. मन रितं, कंटाळलेलं असेल तर तासाहून थोडं जास्तच बसायचं. मन भरून आलेलं असताना तास सहज जातो; रितेपणात तो लवकर आटोपावासा वाटतो, आणि इग्नेशियस नेमके तिथेच पाय रोवायला सांगतात. शरीराबाबत मात्र ते उदार आहेत. गुडघे टेकून, बसून, उताणं पडून, कसंही चालेल. ज्या स्थितीत हवं ते मिळालं, ती बदलायची नाही. एका मुद्द्यावर मन रमलं तर पुढच्या मुद्द्याकडे धावायचं नाही.

तास संपला की पाव तास वेगळा. बसून किंवा फिरत, झालेल्या प्रार्थनेकडे मागं वळून पाहायचं. मी वही घेऊन आवारात फेऱ्या मारायचे. सिस्टर रोज विचारायच्या ते याच पाव तासाबद्दल: कुठे थांबलात, कुठून पळालात. उताऱ्याचा अर्थ त्यांनी कधी समजावला नाही. मार्गदर्शकानं तराजूच्या काट्यासारखं मध्ये राहावं, देव आणि माणूस यांना थेट एकमेकांशी वागू द्यावं, असं पुस्तकच बजावतं. ऐकताना त्यांनी सल्ले किती वेळा गिळले असतील!

मग पुनरावृत्ती. महिनाभराच्या पूर्ण साधनेच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्या दिवशी पाच ध्यानं आहेत. त्यांत नवे विषय फक्त दोन. तिसरं आणि चौथं त्याच विषयांवर, जिथे मन हललं किंवा अडलं तिथे परतून. पाचव्यात तोच प्रसंग पंचेंद्रियांनी अनुभवायचा. रोज नवं वाचायला हवं, या हव्यासाला ही व्यवस्था जागा ठेवत नाही, आणि मला ती फार शहाणी वाटते. मी तिसऱ्यांदा त्या गुहेत गेले तेव्हा काही झाडलं नाही. योसेफ दमला होता. आधी दोनदा मला तो दिसलाच नव्हता.

प्रत्येक श्वासाबरोबर प्रार्थनेतला एकच शब्द घ्यायचा, अशीही एक रीत पुस्तकात आहे. नामस्मरणाच्या मुलखात ती परकी वाटत नाही. मुंबईत जन्मलेले, इग्नेशियस यांच्याच येशूसंघातले फादर अँथनी डिमेलो यांनी पुण्यात आणि लोणावळ्यात श्वासाकडे, देहाच्या संवेदनांकडे लक्ष देण्यापासून प्रार्थना शिकवली. त्यांचं ‘साधना’ हे पुस्तक 1978 चं. त्यांच्या काही मतांवर व्हॅटिकननं 1998 मध्ये आक्षेप घेतला. श्वासावर बसल्याशिवाय माझं मन मात्र बायबलच्या पानावर टिकत नाही.

ज्यांना घरदार, नोकरी सोडून महिनाभर येता येत नाही, त्यांच्यासाठी इग्नेशियसनी एकोणिसावी सूचना लिहिली: रोज दीड तास द्या, राहत्या जागी राहून करा. मौन सुटल्यावर जेवताना अशी साधना करणारी एक परिचारिका भेटली. घरात जागा नाही म्हणून ती ड्यूटी संपल्यावर वाटेतल्या चर्चमध्ये बसते. “आणि नंतरचा पाव तास?” मी विचारलं. तो लोणावळा लोकलमध्ये, ती म्हणाली. खिडकी मिळाली तर लिहिते, नाही मिळाली तर उभ्यानं आठवते आणि घरी गेल्यावर भात लावून मग लिहिते.