घर कोणाचे? हॉलंडमधील एका गावाची गोष्ट

हॉलंड हे नाव आपल्या बेटाला परके नाही. १५९८ साली डच खलाशी येथे उतरले आणि त्यांच्या राजपुत्र मॉरिसच्या नावावरून त्यांनी बेटाला मॉरिशस म्हटले. त्याच देशात द हेग शहराला लागून लायडस्खेनडाम-फोरबर्ग ही नगरपालिका आहे. दोन गावे जोडून ती २००२ साली स्थापन झाली. सतराव्या शतकात तत्त्वज्ञ स्पिनोझा फोरबर्गमध्ये भाड्याच्या खोलीत राहिला होता. आज तेथील तरुणांना मात्र भाड्याची खोली सोडून स्वतःचे घर हवे आहे.

ते सोपे नाही. ट्रामने शहरात सहज जाता येत असल्याने अशा गावात घर सर्वांनाच हवे असते, आणि साऱ्या देशात सुमारे चार लाख घरांची तूट आहे. घर विकायला निघाले की अनेक जण बोली लावतात, आणि दुसऱ्याने किती लावली ते बहुधा कोणालाच कळत नाही. बँक २०१८ पासून घराच्या ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त कर्ज देत नाही. वरची बोली खिशातून भरावी लागते. शिक्षणाचे कर्ज डोक्यावर असेल तर घराचे कर्ज आणखी कमी मिळते. मग आईवडिलांकडे पाहायचे! मुलांना घरासाठी लाख युरोपर्यंत करमुक्त देणगी देण्याची सोय तेथे होती. २०२३ मध्ये तिला कात्री लागली व २०२४ पासून ती बंद झाली. आमच्या मते हे योग्यच झाले. ज्याच्या बापाकडे पैसा त्यालाच घर, हा कसला न्याय?

सरकारने दुसरी वाट काढली. २०२१ पासून पस्तिशीच्या आतील खरेदीदाराला स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या घरावर एकदाच हस्तांतरण कर माफ होतो. त्याला किमतीची मर्यादा आहे, ती २०२५ साली ५,२५,००० युरो होती. वाचकहो, हिशेब करून पाहा. चार लाख युरोच्या घरावर दोन टक्क्यांप्रमाणे आठ हजार वाचतात. तेच घर भाड्याने देण्यासाठी घेणाऱ्याला २०२३ ते २०२५ या काळात १०.४ टक्के, म्हणजे ४१,६०० युरो, भरावे लागत. यातले काही पैसे बोली वाढून विकणाऱ्याच्याच खिशात जात असावेत, अशी आमची शंका आहे.

पुढे जुलै २०२४ मध्ये भाड्यावर बंधन घालणारा कायदा आला. भाडेकरू गेला की मालक घर विकू लागले. अशी लहान घरे तरुण जोडपी व एकटे राहणारे लोक घेऊ लागले. खरेदी करणाऱ्यांना बरे दिवस आले, पण ज्यांना कर्जच मिळत नाही त्यांना भाड्याची जागा शोधणे अधिक कठीण झाले. वृद्ध दांपत्ये मात्र मोठ्या घरांतच राहतात. कर्ज फिटलेले घर सोडून महागडी लहान जागा कोण घेईल?

आपल्याकडे अशा वेळी बाप छताकडे बोट दाखवतो. सिमेंटच्या छतावर लोखंडी सळ्या उभ्याच ठेवलेल्या असतात, मुलाच्या मजल्यासाठी. मुलीचा विचार त्यात क्वचितच असतो. हॉलंडमध्ये २०२३ पासून जोडप्याचे कर्ज ठरवताना दोघांपैकी कमी मिळकत असणाऱ्याचा पगारही पूर्ण धरतात, आणि २०२४ पासून ठरावीक मिळकत असलेल्या एकट्या माणसाला जादा कर्ज मिळू शकते, २०२४ साली ते सोळा हजार युरोपर्यंत होते. शिकून नोकरी करणाऱ्या आपल्या मुली आता घरी हाच प्रश्न विचारू लागल्या आहेत, आणि सळ्या दाखवून त्यांचे समाधान होत नाही.