दोघांचा प्लॅन, एकाची भूक

दोन वर्षं साठवून ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डची ट्रिप ठरली आणि आमची जुंपली ती मील प्लॅनवरून! नवरा म्हणाला, "एकदाच पैसे भरू, टेन्शन खल्लास." मी कॅल्क्युलेटर काढला. २०२४ मध्ये काउंटरवरच्या जेवणाचा प्लॅन होता माणशी, दर रात्रीचे ५७.०१ डॉलर. म्हणजे पाच रात्रींचे दोघांचे ५७० डॉलर! त्यात रोज दोन जेवणं, एक स्नॅक. जेवणासोबत बिअर घेणाऱ्यांचे पैसे वसूल होतात. पण एका खोलीत दोघांनाही तोच प्लॅन घ्यावा लागतो. न खाल्लेलं चेक-आउटच्या मध्यरात्री बाद. नवरा खवय्या, माझं पोट चिमणीचं. वर काउंटरवर पाणी फुकट. प्लॅन कॅन्सल! तुम्हीही आधी कमी खाणाऱ्याची भूक मोजा, मग कार्ड काढा.